किलपेकचा ससा आणि शॉबडनच्या कमानी

माझे बालपण सिन्नरला गेले. गोंदेश्वराच्या देवळाच्या आवारात आम्ही मुली लपंडाव खेळायचो आणि लपायला जागा शोधता शोधता मंडोवरावरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या, एकेका मूर्तीशी ओळख होत गेली. पुढे तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, तरी बारावे शतक म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सनावळ्या न येता तो काळा दगडच येतो. त्यामुळे बर्मिंगहॅमला राहणाऱ्या मुलाने यंदाच्या मे महिन्यात, "आई, लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, आता काय बघायचंय?" असे विचारले, तेव्हा मी सांगितले की गोंदेश्वर उभा राहत होता त्या सुमारास इथल्या खेड्यांतले पाथरवट काय करत होते, ते मला बघायचे आहे. त्याने एक दिवस शोधाशोध केली आणि चार दिवसांची रजा टाकली.

आम्ही हेरिफर्डशायर निवडले, कारण इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात दगडी कोरीव कामाची एक स्वतंत्र घडण जन्माला आली. १०६६ साली इंग्लंड जिंकणारे नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडून येऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या व्हायकिंगांचे वंशज होते. वेल्सच्या राजांना थोपवण्यासाठी त्यांनी या सीमाभागात गढ्या बांधल्या, आणि गढी आली की शेजारी चर्च आलेच. या चर्चांवर काम करणाऱ्या कारागिरांना कलेचे अभ्यासक 'हेरिफर्डशायर स्कूल' म्हणतात. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, पण त्यांचा हात मात्र ओळखता येतो, आणि आमचे चार दिवस बव्हंशी तो हात ओळखण्यातच गेले.

पहिला दिवस : केम्पली आणि कासल फ्रूम

मोटरवे सोडला आणि रस्ता इतका अरुंद झाला की दोन्ही बाजूंची कुंपणाची झुडपे गाडीच्या आरशांना घासू लागली. नकाशा दाखवणाऱ्या फोनने आम्हांला एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या तोंडाशी नेऊन सोडले आणि तिथेच त्याची रेंज गेली. ट्रॅक्टरवरच्या माणसाने काही न विचारताच हाताने डावीकडची दिशा दाखवली. अशी चुकलेली गाडी त्याने पहिल्यांदा पाहिली नसावी.

केम्पलीचे सेंट मेरी चर्च नकाशावर हेरिफर्डशायरच्या हद्दीला लागून, पण ग्लॉस्टरशायरमध्ये आहे. आजूबाजूला शेते, सफरचंदाच्या बागा आणि एखाददुसरे घर. गाव कधीच दूर सरकले; १९०३ साली तिकडे नवे चर्चही बांधून झाले आणि हे जुने चर्च शेतात एकटे राहिले. फिकट गिलाव्याच्या भिंतींकडे पाहून आत काही असेल असे वाटत नाही. पोर्चमध्ये शिरल्यावर दारावरच्या अर्धवर्तुळाकार फलकात एक जीवनवृक्ष कोरलेला दिसतो, पण तो इतका भौमितिक आहे की झाडापेक्षा दाराच्या उंबऱ्यावर काढलेल्या रांगोळीशी त्याचे नाते अधिक जवळचे वाटते.

इथे जाणाऱ्याला सोयीचे पडावे म्हणून या चर्चांची रचना सांगते. लोक बसतात तो लांबट भाग म्हणजे आपला सभामंडप, त्यापुढची कमान ओलांडली की अंतराळ (देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये असते ती जागा), आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे अर्धवर्तुळाकार गाभारा. फरक इतकाच की आपला देव बहुधा पूर्वेकडे तोंड करून बसतो आणि इथे भक्ताने पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे असते.

केम्पलीच्या त्या अंतराळात पाऊल टाकले आणि मी मान वर केली ती पाच मिनिटे तशीच राहिली. डोक्यावरच्या अर्धगोल छतात मधोमध ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलेला, भोवती सूर्य, चंद्र, सहा पंखांचे देवदूत, ख्रिस्ताचे चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांची प्रतीके; आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओळीने बसलेले प्रेषित, म्हणजे त्याचे शिष्य, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या. हे चित्र सुमारे ११२० ते ११३० या काळातले असून ओल्या गिलाव्यावर रंग भरून काढलेले, म्हणजे खऱ्या अर्थाने भित्तिचित्र आहे. गिलावा वाळताना रंग त्याच्यात मुरतो, म्हणून तो टिकतो. गेरू, पिवळी माती, चुन्याचा पांढरा, एवढ्याच भांडवलावर सगळे उभे आहे.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत मूर्ती आणि चित्रे निषिद्ध ठरल्यावर यावर चुना फासला गेला. विध्वंसासाठी फासलेला तो चुनाच चित्रांचे पांघरूण ठरला आणि १८७२ साली तो खरवडल्यावर प्रेषित जसेच्या तसे बाहेर आले. मग मात्र जाणकारांनी प्रेमापोटी त्यांवर लाखेचे रोगण चढवले. ते काळवंडले आणि १९५० च्या दशकात मोठ्या कष्टाने उतरवावे लागले. हे वाचून मला गावोगावच्या देवळांतले ऑइलपेंटचे डबे आठवले. द्वेषाने फासलेल्या चुन्यापेक्षा भक्तीने चढवलेले रोगण काढणे अवघड असते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागू नये.

मुलाला चित्रांपेक्षा छप्पर जास्त भावले. सभामंडपावरच्या ओक लाकडाच्या वर्तुळरेषा मोजून त्याचे वय ठरवले आहे; ती झाडे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तोडलेली आहेत, म्हणजे ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या शाबूत छपरांमध्ये याची गणना होते.

दुपारी लेडबरीला सूप आणि पाव खाऊन आम्ही उत्तरेकडे कासल फ्रूमला गेलो. लहानसे चर्च, वर लाकडी घंटाघर, आत कोणी नाही. दार ढकलले तर उघडे. या मुलखात बहुतेक चर्चे दिवसभर उघडी असतात, याचे मला चारही दिवस नवल वाटत राहिले. इथे येण्याचे एकमेव कारण म्हणजे बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. बाराव्या शतकाच्या मध्यातले हे कुंड पाहताना प्रथम जाणवतो तो त्याचा आकार: चर्चच्या मानाने ते अवाढव्य आहे. त्यावर योहान ख्रिस्ताला बाप्तिस्मा देतो आहे, वरून देवाचा हात आणि कबुतर खाली आले आहेत, आणि ख्रिस्त ज्या पाण्यात उभा आहे ते पाणी म्हणजे एक गोल तळे असून त्यात मासे पोहत आहेत. कोरणाऱ्याने जॉर्डन नदी पाहिलेली नव्हती. गावचे तळे पाहिलेले होते.

पण मी जास्त वेळ काढला तो खाली बसून. कुंडाच्या तळाशी त्याचे सगळे वजन पाठीवर घेऊन दबलेल्या आकृती आहेत. त्यातल्या एकाचे तोंड जमिनीजवळ आले आहे, हात पुढे टेकलेले आहेत. आपल्या देवळांत छताखाली खांबांवर भारवाहक यक्ष असतात, पोट सुटलेले, गालात हसणारे, जणू छत पेलणे हा त्यांचा खेळच आहे. इथला हा माणूस हसत नाही. आठशेहून अधिक वर्षे त्याला ओझे जाणवते आहे.

दुसरा दिवस : किलपेक

संपूर्ण सकाळ किलपेकसाठी राखून ठेवली होती आणि ती पुरली नाही.

हेरिफर्डच्या नैर्ऋत्येला सुमारे आठ मैलांवर, वेल्सच्या हद्दीपासून जवळच हे खेडे आहे. सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचे हे चर्च सुमारे ११४० साली, ह्यू नावाच्या तिथल्या सरदाराच्या काळात बांधले गेले. चर्चच्या पश्चिमेला त्याच्या गढीचा मातीचा उंचवटा आणि वर दोन पडक्या भिंती उरल्या आहेत. पलीकडच्या कुरणात जुन्या वस्तीच्या खुणा जमिनीच्या चढउतारातून दिसतात. कधीकाळी हे भरभराटीचे ठिकाण होते. मग गाव आटले, आणि गाव आटले म्हणून चर्च वाढवायला, मोठ्या खिडक्या पाडायला, उंच मनोरा बांधायला कुणी पैसेवाला उरला नाही. सभामंडप, अंतराळ, गाभारा ही नॉर्मन आखणी जशीच्या तशी राहिली, ती त्यामुळे.

दक्षिणेकडचे दार पाहून मी प्रथम काही बोललेच नाही. गडद तांबड्या, जवळजवळ विटेच्या रंगाच्या वालुकाश्मात कोरलेले हे दार काल संध्याकाळी छिन्नी खाली ठेवावी इतके धारदार आहे. इथला तांबडा दगड सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा आणि बहुतेक ठिकाणी तो पावसाने विरघळल्यासारखा झिजतो, पण किलपेकला मिळालेला थर विलक्षण चिवट निघाला. दाराच्या वरच्या फलकात द्राक्षे लागलेली वेल आहे. भोवतीच्या कमानीत चोचवाली तोंडे, पक्षी, मासे, कल्पनेतले प्राणी एकापुढे एक बसवले आहेत. बाहेरच्या खांबांवर साप एकमेकांच्या शेपट्या गिळत वरपासून खालपर्यंत उतरले आहेत. डावीकडच्या आतल्या खांबावर वेलींत गुरफटलेले दोन शिपाई आहेत, एकावर एक, अंगात ढगळ विजार. उजवीकडच्यावर पानांतले पक्षी. आणि उजव्या खांबाच्या माथ्यावर एक चेहरा आहे, ज्याच्या तोंडातून वेली फुटून दोहोंकडे पसरल्या आहेत.

या चेहऱ्याला इंग्रजीत 'ग्रीन मॅन' म्हणतात आणि त्याच्या अर्थाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र तो पाहताक्षणी आमच्याकडचे कीर्तिमुख आठवले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे मुळीच म्हणायचे नाही. दाराच्या जागी काहीतरी गिळणारे किंवा ओकणारे तोंड बसवावे असे दोन ठिकाणच्या पाथरवटांना वाटले, एवढेच. आणि दोघांनीही ते मोठ्या आनंदाने कोरले आहे.

मग आम्ही चर्चला प्रदक्षिणा घातली. 'प्रदक्षिणा' हा शब्द मुलाचा. छताच्या वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेले दगडी तोडे आहेत, त्यांतले ८५ आज शिल्लक आहेत. मूळचे सहा गेले. प्रत्येक तोड्यावर वेगळे कोरीव काम. एक माणूस तंतुवाद्य वाजवतो आहे. एक जोडी एकमेकांना कवटाळून आहे, ती नाचते आहे की कुस्ती खेळते आहे याचा निकाल लागत नाही. डुकराचे मुंडके, मेंढा, पक्षी. क्रूस घेतलेले पवित्र कोकरू आहे, पण ते कोरताना कारागिराचा हात घोड्याकडे वळलेला असावा, कारण कोकराला अयाळ नाही एवढाच काय तो फरक.

आणि तो प्रसिद्ध कुत्रा आणि ससा. कान खाली पडलेला कुत्रा आणि त्याला खेटून ससा, दोघांचे डोळे बटणासारखे गोल, दोघे एकाच खिडकीतून बाहेर डोकावल्यासारखे. शिकारी आणि शिकार यांचे हे नाते कारागिराला ठाऊक नसेल असे नाही. तरी त्याने त्यांना शेजाऱ्यांसारखे बसवले. मुलाने फोनमध्ये फोटो मोठा करून दाखवला तेव्हा सशाच्या पुढच्या पायांची नखेही मोजता आली.

गाभाऱ्याच्या बाजूला शीला-ना-गिग आहे: मोठ्या डोक्याची, हाडकुळी, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी स्त्री. नाव ऐकून मुलगा हसला, पण आपल्या शीलेशी त्या नावाचा संबंध नाही. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे, की संकट टाळणारी, की प्रसूतीची रक्षक, यावर एकमत नाही. मराठी वाचकाला तेरला सापडलेल्या लज्जागौरी आठवतील. मलाही आठवल्या, पण फरकही तितकाच ठळक आहे. लज्जागौरीला चेहऱ्याच्या जागी कमळ असते आणि ती पूजेची देवता आहे. इथे चेहराच सर्वांत मोठा आहे, आणि तो रोखून पाहतो.

आमच्यासोबत पाहणाऱ्या एका इंग्रज आजीबाई आपल्या नातवाला तोडे मोजायला सांगत होत्या आणि या तोड्यापाशी येताच त्यांनी मोजणी घाईने पुढे नेली. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर मिथुनशिल्पे आली की आमच्या सहलीचे गुरुजी असेच करायचे.

आत गेल्यावर अंतराळाच्या कमानीवर दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकाच्या डोक्यावर एक असे उभे आहेत. ही मांडणी इंग्लंडात विरळ आहे, आणि इथून एका माणसाची गोष्ट सुरू होते, जिचा शेवट आम्हांला चौथ्या दिवशी पाहायचा होता. शॉबडन नावाच्या गावी ऑलिव्हर दे मर्लिमाँ या कारभाऱ्याने नवे चर्च बांधायला घेतले आणि त्याच सुमारास तो स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला गेला. वाटेत पश्चिम फ्रान्समधली नव्याने कोरलेली दारे त्याने पाहिली असणार. त्याच्याबरोबर एखादा पाथरवटही असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या यात्रेतून आलेल्या नव्या कल्पना आणि इथल्या मातीत आधीपासून मुरलेली साप-वेलींची व्हायकिंग आणि सॅक्सन गुंतवळ यांचे मिश्रण म्हणजे ही हेरिफर्डशायरची घडण. शॉबडन हे तिचे पहिले काम.

संध्याकाळी हेरिफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तासभर काढला. १७८६ साली इथला पश्चिमेचा मनोरा कोसळला आणि दुरुस्तीचे काम वास्तुविशारद जेम्स वायट यांच्याकडे आले. त्यांनी सभामंडप एका खणाने आखूडच करून टाकला. उरलेले जाड गोल नॉर्मन खांब मात्र भक्कम उभे आहेत. सुमारे १३०० साली एकाच वासराच्या कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा, मापा मुंडी, इथे ठेवलेला आहे. त्यात पूर्व वर आहे, मधोमध जेरुसलेम, आणि आपला देश अगदी वर, नंदनवनाच्या शेजारी, पाठीवर अंबारीऐवजी चक्क किल्ला घेतलेल्या हत्तीसकट.

तिसरा दिवस : गोल्डन व्हॅली

रात्रभर पाऊस झाला आणि सकाळीही तो थांबला नाही. डोर नदीच्या या खोऱ्याला 'सोन्याचे खोरे' हे नाव गैरसमजातून मिळाले असे सांगतात: वेल्श भाषेत पाण्याला 'दूर' म्हणतात, नॉर्मनांनी तो फ्रेंच 'दोर', म्हणजे सोन्याचा, असा ऐकला. पावसात भिजत पाहिल्यावर मूळ वेल्श नावच अधिक खरे वाटले.

रोलस्टनला पोहोचेपर्यंत दोनदा गाडी मागे घ्यावी लागली, कारण समोरून दूध नेणारा टँकर आणि नंतर मेंढ्यांचा कळप आला. सेंट पीटरचे हे चर्च डोंगरउतारावर आहे. दारावरच्या फलकात ख्रिस्त बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसला आहे आणि चार देवदूत ती प्रभावळ धरून आहेत. वस्त्रांच्या चुण्या अशा समांतर, बारीक रेघांनी कोरल्या आहेत की दगडाऐवजी विणलेले कापड वाटावे. मी मुलाला त्या चुण्यांचा जवळून फोटो घ्यायला सांगितले. का सांगितले ते तेव्हा मलाही नीट सांगता आले नसते.

आत अंतराळाच्या कमानीवर खूप पक्षी आहेत, आणि त्यांच्यात दोन-दोन माणसे चक्क उलटी, डोके खाली पाय वर. प्रथम वाटते, गवंड्याने दगड उलटा बसवला. पण हे चर्च पेत्राचे, म्हणजे सेंट पीटरचे आहे, आणि परंपरेप्रमाणे पेत्राने आपल्या गुरूसारखे मरण्याची आपली पात्रता नाही म्हणून उलटे क्रूसावर चढवून घेतले. त्याचीच ही आठवण असावी. पक्षी कोंबडे असतील तर तेही पेत्राचेच, कारण कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा गुरूला नाकारले होते. भिंतीतून पुढे येणारे मेणबत्त्यांचे जुने लोखंडी दांडेही आहेत आणि त्यांवरही पक्षी. लोहाराने पाथरवटाचे काम पाहिलेले असणार.

पीटरचर्चला मुलाला भूक लागली होती म्हणून आम्ही चर्च घाईत पाहिले, हे कबूल करते. सभामंडपातून पाहिले की एकामागे एक तीन कमानी लहान होत जातात आणि शेवटी गाभारा. बाहेरचा उंच निमुळता मनोरा जुना वाटतो, पण मूळचा दगडी कळस धोकादायक झाल्यावर उतरवला आणि १९७२ साली त्या जागी फायबरग्लासचा बसवला. मुलाला हे इतके आवडले की त्याने तिन्ही बाजूंनी फोटो काढले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. खालच्या भिंतींना हात न लावता त्यांच्यावरचा भार कमी करणारी ही युक्ती मला निदान प्रामाणिक वाटली.

मॉकसचे चर्च मोठ्या जमीनदारी बागेच्या कुरणात, जुन्या ओक वृक्षांमध्ये आहे. तुफा या सच्छिद्र, हलक्या दगडाचे ते बांधले आहे आणि पावसात ओले झाल्यावर भिजवलेल्या पोळ्याच्या रंगाचे दिसत होते. दारांवरचे फलक इतके झिजलेत की त्यांतून काही वाचता येत नाही. तरीही त्या गाभाऱ्यात दहा मिनिटे शांत बसलो. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या आणि छतावर पाऊस.

चौथा दिवस : अर्डिस्ली आणि शॉबडन

काळ्या लाकडी पट्ट्यांच्या पांढऱ्या घरांचे अर्डिस्ली गाव पर्यटकांना माहीत असते, पण चर्चमधले कुंड पाहायला गाडी थांबवणारे थोडे. सुमारे ११५० मधले हे कुंड कासल फ्रूमच्या कुंडापेक्षा लहान आहे आणि जास्त रागीट. दोन योद्धे लढत आहेत; एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसला आहे, दुसऱ्याने तलवार उगारली आहे, अंगावर रेघारेघांचा पोशाख, किलपेकच्या त्या शिपायांसारखीच ढगळ विजार. इथल्या बास्करव्हिल घराण्यातल्या जावयाने सासऱ्याला द्वंद्वात मारले, त्याचेच हे चित्र अशी स्थानिक समजूत आहे.

त्यांच्या पाठीमागे वळून गेले की दुसरा प्रसंग. मृत्यूनंतर ख्रिस्त अधोलोकात उतरला आणि त्याने तिथे अडकलेल्यांना बाहेर काढले, ही ख्रिस्ती परंपरेतली कथा. इथे ख्रिस्त एका हातात क्रूस घेऊन झपाझप चालला आहे आणि दुसऱ्या हाताने एका माणसाला मनगटाला धरून जाड दोरखंडांच्या गुंत्यातून ओढतो आहे. ओढला जाणारा माणूस तिरपा झाला आहे, त्याचे पाय अजून गुंत्यातच आहेत. बुडणाऱ्याला विहिरीतून काढताना बाहेरचा माणूस जसा मागे रेलतो, तसा ख्रिस्ताचा तोल आहे. एक प्रचंड सिंह बाजूने या सगळ्याकडे दुर्लक्ष करून निघाला आहे. पुन्हा फोटो घेतला.

दुपारी शॉबडनला आलो. जिथून ही सारी घडण सुरू झाली ते ऑलिव्हरचे चर्च आज नाही. १७५० च्या सुमारास इथल्या बेटमन घराण्याने ते जुनाट म्हणून पाडले आणि त्या जागी त्या काळच्या फॅशनचे नवे चर्च उभारले. आत शिरल्यावर पांढरा आणि फिकट निळा रंग, नक्षीदार बाके, लाडू-बर्फीच्या दुकानाच्या काचेत असावी तशी सजावट. ते वाईट नाही, आणि ज्यांना आवडते त्यांना फारच आवडते. मला मात्र त्या निळ्या-पांढऱ्या केकमध्ये एका कोपऱ्यात जुने नॉर्मन कुंड दिसले, ज्याच्या दांड्याभोवती चार सिंह फिरत आहेत, आणि मी तिथेच थांबले.

पाडताना त्यांनी कमानी आणि दारे फेकून दिली नाहीत. चर्चच्या उत्तरेकडे टेकडीवर, झाडांच्या रांगेच्या शेवटी, बंगल्यातून पाहिले तर नजर जाऊन थांबावी म्हणून अंतराळाची कमान आणि दोन्ही दारे त्यांनी शोभेसाठी ओळीत उभी केली. छप्पर नाही, वळचण नाही. गेली पावणेतीनशे वर्षे ती तिथे पावसात आहेत.

ओल्या गवतातून आम्ही टेकडी चढलो. जवळ गेल्यावर खांबांवर काहीतरी होते एवढेच कळते: इथे गुंता, तिथे एक पाय, कुठे पंखाचा अंदाज. मी बोट टेकवले आणि बोटाला तांबडी वाळू लागली. मुलगा म्हणाला, "आई, हात लावू नकोस, आहे तेवढंही जाईल." मी हात मागे घेतला. आपल्याकडे जीर्णोद्धारात देवळांना फरशा आणि ऑइलपेंट चढतो, इथे देऊळच उचलून बागेत नेले. नाश करायचा कुणाचाही हेतू नव्हता. बेटमन घराण्याला हे दगड आवडले म्हणूनच तर ते इथे आले. नावडते असते तर एखाद्या भिंतीत भराव म्हणून गेले असते, आणि कदाचित जास्त चांगले राहिले असते. १८५२ साली जी. आर. लुईस यांनी या कोरीव कामाची चित्रे छापली, त्यावरून तेव्हा किती शिल्लक होते ते कळते. आज त्याच्याही निम्मे नाही.

दोन दारांवर दोन अर्धवर्तुळाकार फलक आहेत. मी बराच वेळ पाहिले आणि मला फक्त उंचसखल दगड दिसला. तेव्हा मुलाने फोन काढून कालचा रोलस्टनचा फोटो समोर धरला. मग एकेक जागा लागू लागली: ही प्रभावळीची कड, हा वाकलेला देवदूत, ही त्याची पाठ, आणि चुण्यांच्या त्या बारीक समांतर रेघा एका कोपऱ्यात चार बोटे एवढ्या अजून आहेत. दुसऱ्या फलकासाठी सकाळचा अर्डिस्लीचा फोटो काढला. तिरपा झालेला माणूस, मनगट, क्रूसाचा दांडा. खेड्यांतल्या कारागिरांनी शॉबडनवरून जे उचलले, त्याच्या आधाराने आम्ही शॉबडन वाचत होतो.

फोनची बॅटरी संपेपर्यंत हे चालले. निघताना लेम्स्टरला थांबलो (लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेम्स्टर), तर राजा पहिल्या हेन्रीने ११२३ मध्ये रेडिंगच्या मठाला दिलेल्या तिथल्या प्रायरीचे (छोट्या मठाच्या चर्चचे) दार बंद होऊन अर्धा तास झाला होता. पश्चिमेच्या दाराचे कोरलेले स्तंभशीर्ष बाहेरच आहेत. पाने, पक्षी, माणसे, पुन्हा त्याच समांतर रेघा. मुलाने गाडीचे दिवे तिकडे वळवले, मी चष्मा पुसून दहा मिनिटे पाहिले, आणि आम्ही बर्मिंगहॅमच्या रस्त्याला लागलो.